अष्टमीची ओहोटी

विजू,

तुझ्या तेराव्याला मी सांगलीला आले नाही. तुझ्या आईला वाईट वाटलं असेल. तुझ्या नवऱ्याने ट्रंक कॉल लावून विचारलंही, "येताय ना?" मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी अष्टमी होती, हे कारण त्या दुःखातल्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? तू एकादशीला गेलीस, म्हणजे तेरावं अष्टमीला येणार, हे तुझ्या पोरांपैकी इक्बालने बोटांवर मोजलं आणि त्याचाच चेहरा उतरला. "मॅडम, मग विहिरीच्या रीडिंगचं काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काय म्हणजे? घ्यायचं." तुझ्या तेराव्याच्या दिवशी दुपारी इक्बाल, प्रकाश आणि मी मोहल्ल्यातल्या विहिरीच्या काठावर ओळंबा घेऊन उभे होतो.

एकादशीला गेली, पुण्यवान हो, असं आमच्या स्टाफरूममध्ये जो तो म्हणत होता. मला सारखं वाटत होतं, तू आता दारातून आत येशील आणि त्यांना विचारशील की तिथी चंद्राची, त्यात माझं पुण्य कुठून आलं, नीट समजावून सांगा. एवढं साधं विचारायची तू, की समोरच्याला आपण इतकी वर्षं न समजता बोलत होतो हे कळायचं आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. माझ्याही झोंबल्या होत्या, पहिल्याच दिवशी.

आठवतं ना? तुमचं इंजिनीअरिंग कॉलेज तेव्हा इतकं नवं होतं की भिंतींना गिलावा नव्हता. तू तिथे सिव्हिल शिकवायला आलेली सांगलीची बाई, म्हणजे आमच्या भाषेत घाटावरची. मी इथलीच, सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. मी वाळवलेल्या झाडांचे कागद टेबलावर मांडून बसले होते आणि तू ओळख ना पाळख, आत येऊन जांभ्या दगडाचा एक तुकडा त्यावर ठेवलास. माझ्या कागदांवर तांबडी माती.

"हा दगड किती पाणी पितो?" तू विचारलंस.

"मी झाडांची बाई आहे, दगडांची नाही," मी म्हटलं.

"ते दिसतंय. पण तुमच्याकडे बादली आहे."

दगड बादलीत टाकलास आणि स्टुलावर बसून त्यातून येणारे बुडबुडे बघत राहिलीस. शिपाई दोनदा डोकावून गेला. माझं काम खोळंबलं होतं आणि ही कोण बया म्हणून मी धुमसत होते. मग तू मान वर न करताच म्हणालीस, "तुमच्याकडे इतका पाऊस पडतो आणि मे महिन्यात बायका घागरी घेऊन वणवण फिरतात. हे पाणी जातं कुठे?"

"समुद्रात," मी म्हटलं.

"कुठल्या वाटेने?"

आता जन्म रत्नागिरीत गेला माझा. पाणी सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर पडतं आणि समुद्रात जातं, यापलीकडे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मी पऱ्ह्याच्या पुलावर थांबून खालच्या ओढ्याकडे बघत राहिले. तुझी खोड मला पहिल्या भेटीतच लागली, आणि ती अजून गेली नाही.

मग तू मला ते गाव दाखवलंस. सड्यावर चिऱ्यांची एक जुनी, सोडून दिलेली खाण, पावसाळ्यात काठोकाठ भरणारी. तिच्या बरोबर खाली, एका उताराला, शेतकऱ्यांची वाडी. दुसऱ्या उताराला, खाडीकडे, मोहल्ला. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला, मोहल्ल्यातले निम्मे बोटीवर नाहीतर आखातात, तेव्हा पाण्याचं बघणाऱ्या दोन्हीकडे बायकाच. वाडीची विहीर होळीला आटायची. मग वाडीतल्या बायका उतार उतरून, वळसा घालून मोहल्ल्याच्या विहिरीवर यायच्या. तिला तिकडे बाव म्हणतात. मोहल्ल्याने कधी नाही म्हटलं नाही, पण रीत ठरलेली होती. आधी मोहल्ल्याचं पाणी भरून व्हायचं आणि वाडीची पाळी भर दुपारी, कातळ तापल्यावर.

वाडीचे मानकरी म्हणजे गावकर, त्यांनी तुला सांगितलं, "बाय, ती खान सिमिटानं बांधून द्या. आमची तळी झाली की कुनाच्या बावीवर उभं ऱ्हायाला नको." यात काय वाईट होतं? खाणीला तळाशी गिलावा करायचा, पाणी अडवायचं, नळाने खाली वाडीत सोडायचं. तू इंजिनीअर, गळती थांबवायला शिकलेली. तू हो म्हणालीस आणि पोरांना घेऊन कामाला लागलीस.

पोरं म्हणजे तुमची ती पहिली बॅच. प्रकाश सावर्ड्याचा, बापाचं बाजारात दुकान, सिव्हिलला. इक्बाल मिरकरवाड्याचा, बाप ट्रॉलरवर तांडेल, मेकॅनिकलला. आणखीही चारपाच होती, पण सड्यावरच्या उन्हात टिकली ती ही दोनच. पहिल्या दिवशी प्रकाशने विचारलं, "मॅडम, हे पेपरात येणार का?"

"नाही."

"मग मार्क?"

"प्रोजेक्टचे असतात तेवढेच."

"मॅडम, बाहेर टाइप केलेले प्रोजेक्ट मिळतात. फक्त नाव बदलायचं."

"बदल की," तू म्हणालीस, "मी पण एकच अक्षर वाढवते, पासच्या जागी नापास."

मला तर वाटलं होतं, हा पालथ्या घड्यावर पाणी घालण्याचा उद्योग आहे. ही पोरं गाईड वाचून पास होणारी, त्यांना सड्यावर उन्हात कोण उभं करणार? तुमच्या प्रिन्सिपॉलांना वेगळीच काळजी. सिव्हिलच्या कामात मेकॅनिकलचा मुलगा आणि शेजारच्या कॉलेजातली झाडपाल्याची बाई कशाला, कुठेतरी पाणी मुरतंय, असं ते म्हणाले. "सर, तेच शोधतोय," तू गंभीर चेहऱ्याने सांगितलंस. बाहेर आल्यावर मात्र जिन्यात बसून इतकी हसलीस की शेवटी मी तुला हाताला धरून उठवलं.

आणि मग तो कौल. त्यावरून आपण जेवढं भांडलो तेवढं कशावरून भांडलो नसू.

गावात नवं काम काढायचं तर देवीला विचारल्याशिवाय नाही. गुरवाने देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, की बाय माजे आये, ही घाटावरची बाय आणि ही पोरं तुज्या सड्यावर तळी बांधतायत, त्यांना यश दे. सगळ्या गावाने मागून "व्हय म्हाराजा" म्हटलं, त्यात प्रकाशचा आवाज सगळ्यात मोठा. इक्बाल अंगणात उभा होता, त्यानेही ओठ हलवले, मी पाहिलं. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळे श्वास रोखून बसले आणि डावी पडली. गुरव म्हणाला, "देवी म्हनते, औंदा नको."

मी भडकले. येताना एस.टी. येईपर्यंत तुला फाडफाड बोलले. म्हटलं, एका पाकळीसाठी तू अख्खं काम थांबवतेस? त्या बायकांनी आणखी एक उन्हाळा दुपारचं पाणी वाहायचं, ते कुणाच्या सांगण्यावरून? शिकलीसवरलीस कशाला? तू चणे खात होतीस. म्हणालीस, "गाव त्यांचं, सडा त्यांचा. ते बांधू देत नाहीत, पण विचारू देतात ना? मला एक वर्ष फुकट मिळालं. खाणीतलं पाणी देवदिवाळीला संपतं, ते जातं कुठे हे तरी बघू. मी बांधायच्या आधी ते बघायला हवं होतं."

"मग बघितलं का नाहीस?"

"कारण मला वाटलं मला माहितीये," तू म्हणालीस आणि मला चणे दिलेस.

विजू, त्या वेळी मी चणे घेतले नाहीत. तुझ्या त्या शांतपणाचा मला फार राग यायचा. आजही येतो.

तर वर्षभर दर रविवारी पोरं जायची. खाणीत एक खुणेची काठी रोवलेली. वाडीच्या विहिरीत आणि मोहल्ल्याच्या विहिरीत ओळंबा सोडायचा, गवंड्याचा असतो तो, आणि पाणी किती खोल गेलं ते मोजायचं. वाडीच्या विहिरीचे आकडे शहाण्यासारखे उतरत होते. मोहल्ल्याच्या विहिरीचं काही कळेना. एका रविवारी पाणी वर, दुसऱ्या रविवारी खाली, तिसऱ्या रविवारी परत वर, तेही पाऊस नसताना. तू प्रकाशला केबिनमध्ये बोलावलंस आणि विचारलंस, "खरं सांग, घरी बसून आकडे लिहिलेस का?" तो बिचारा रडायच्या बेताला आला. मीही तिथे होते आणि मलाही वाटलं होतं की हा सावर्ड्याच्या बाजारात फिरत असणार.

इक्बाल दारात उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तिथी काय होती?"

तू त्याच्याकडे बघत राहिलीस. "तिथीचा काय संबंध?"

"उधाण होतं की भांग, ते बघायला पाहिजे ना. अमावास्या-पुनवेला भरती मोठी, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. ती विहीर खाडीला लागून आहे. आपण रविवारी दहा वाजता मोजतो. भरती काय रविवार बघून येते का?"

आधी तू हसलीस, मग मी, मग प्रकाशही डोळे पुसून हसला. घाटावरची बाई घड्याळ बघून समुद्र मोजत होती, आणि मिरकरवाड्यावर मासळी घ्यायला तिथी बघून जाणारी मी तिच्या शेजारी बसून आकडे लिहून घेत होते. खाडी चढली की तिच्या दाबाने विहिरीतलं पाणीही जरा चढतं, एवढीच गोष्ट. त्या दिवसापासून रविवार गेला आणि अष्टमी आली. अष्टमीला दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी असते, तेव्हाच मोजायचं. तुमच्या कॉलेजच्या टाइमटेबलवर तू स्वतः पंचांग टांगलंस आणि प्रिन्सिपॉलांनी तुला विचारलं की आता मुहूर्त बघून लेक्चर घेणार का.

त्यानंतर तुला भरतीचं वेडच लागलं. जयगडहून तरीने पलीकडे जाऊन मी तुला हेदवीला नेलं. म्हटलं, दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊ, तुला बरं वाटेल. तेव्हा तू खंगत चालली होतीस, आणि उन्हात फिरून झालं असेल असं मला वाटत होतं. दर्शन घेतलंस दोन मिनिटांत आणि मग समुद्रावरच्या त्या घळीशी जाऊन बसलीस, जिथे भरतीचं पाणी फटीत शिरून वर उसळतं. ओहोटीपासून भरतीपर्यंत बसलीस. डबा मी एकटीने खाल्ला. तू घड्याळ बघत होतीस आणि मधेच पोटावर हात दाबत होतीस. मी विचारलं, काय होतंय? तू म्हणालीस, "काही नाही, बघ बघ, आता येईल." आणि पाणी आलं, आपण दोघी नखशिखांत भिजलो.

अष्टमीचे आकडे मात्र सरळ बोलू लागले. वाडीची विहीर खाणीच्या अगदी खाली, पण तिला खाणीशी काही देणंघेणं नव्हतं, ती दसऱ्यापासूनच आपली उतरत होती. मोहल्ल्याची विहीर देवदिवाळीपर्यंत जागची हलत नव्हती आणि खाण कोरडी पडली की उतरायला लागत होती. तू मला सड्यावर ओढत नेलंस आणि विचारलंस, तुझी झाडं काय म्हणतात? मी तुला खाडीकडच्या उतारावरची रांग दाखवली. उंबर, नेचे, केवडा, सगळं पाण्याला लागून राहणारं, आणि मार्चमध्येही हिरवंगार. वाडीकडच्या उतारावर त्यातलं एकही नाही. आतल्या चिकणमातीचा थर खाडीकडे कललेला असणार. पाणी दगडातून झिरपतं, त्या थराला लागतं आणि मोहल्ल्याकडे जातं.

"झाडं खोटं नाही ना बोलत?" तू विचारलंस.

"झाडं बोलतच नाहीत. तूच बोलतेस सकाळपासून."

पण त्या दिवशी परत येताना तू बोलली नाहीस. मलाही कळलं होतं. खाणीचा तळ सिमेंटने बांधला की मोहल्ल्याची विहीर बसणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तळी वाडीला मिळणार आणि जी विहीर उन्हाळ्यात दोन्ही वस्त्यांना पाजते ती आटणार. आणि वाडीला तर तू शब्द दिलेला, बांधून देते म्हणून.

इथून आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. तू म्हणालीस, दोन्ही वस्त्यांना एकत्र बसवू आणि पोरांनाच सांगू दे, काय दिसलं ते. मी म्हटलं, मुळीच नाही. एका वर्षाच्या आकड्यांवर? चुकीचं निघालं तर? वाडीचा हक्काचा तलाव जाईल, आणि उद्या वाडी म्हणेल की पाणी आमचं, मोहल्ला एवढी वर्षं फुकट प्यायला. चांगली शेजारधर्माने राहणारी माणसं आपण एकमेकांवर घालू. पक्कं कळेपर्यंत गप्प बसू. तू म्हणालीस, "पक्कं कधी कळणार? मी आयुष्यभर पक्क्यावर पूल बांधायला शिकवते, पण पाणी त्यांचं आहे, त्यांना आपलं अर्धवटसुद्धा कळायला नको?" मी म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकू नकोस, तुला उद्या बदली मिळेल आणि मी इथेच राहणार आहे. तुला लागलं ते.

मग या वर्षी नवरात्रात सगळा घोळ झाला. शेजारी नवी चिरेखाण काढणाऱ्यांनी जुन्या खाणीची कड फोडली आणि भरलेलं पाणी एका रात्रीत वाडीकडच्या पऱ्ह्यातून वाहून गेलं. पोरं धावत आली. प्रकाश डोक्याला हात लावून बसला, "मॅडम, दोन वर्षं फुकट गेली." आणि तू खुर्चीतून उठलीस. "फुकट? अरे, आपल्याला हिंमत झाली नसती ते त्यांनी करून दिलं. खाण दसऱ्यालाच रिकामी. आता मोहल्ल्याची विहीर लवकर उतरली तर आपण बरोबर. नाही उतरली तर आपण चूक. आहे काय त्यात रडण्यासारखं?" तुझे गाल लाल झाले होते. इतक्या आनंदात मी तुला कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याच संध्याकाळी एस.टी. स्टँडवर तू मला सांगितलंस की पोटात गाठ आहे, सांगलीला ऑपरेशन ठरलंय.

केव्हापासून होती? तर वर्ष झालं. वर्ष, विजू. शिंच्या दगडाचा बुडबुडान् बुडबुडा बघितलास, दुसऱ्याच्या विहिरीत वाकून वाकून बघितलंस आणि स्वतःच्या पोटात काय दुखतंय ते विचारायला तुला वेळ झाला नाही. मी तुला तिथेच बोलायला हवं होतं, खूप बोलायला हवं होतं. पण तू बॅग मांडीवर घेऊन बसली होतीस आणि सांगत होतीस, "अष्टमी चुकवू नका हं. मी आले की दोघी मिळून ठरवू, सांगायचं की नाही." गाडी आली. मी तुझी बॅग वर चढवली आणि म्हटलं, "लवकर ये, तुझी पोरं मला भीक घालत नाहीत." एवढंच म्हटलं. तू मला किती हवी आहेस हे एस.टी.च्या खिडकीतून ओरडून सांगायची आपल्याकडे पद्धत नाही, पण ते खरं होतं आणि तेव्हाच सांगायला हवं होतं.

तेराव्याच्या दिवशी प्रकाशने ओळंबा सोडला. दोरी जात राहिली. मागच्या वर्षीच्या याच अष्टमीची खूण आली, गेली, आणि ओळंबा अजून हवेतच. मग खाली टपकन वाजलं. इक्बालने दोरी धरून परत मोजलं, मग मी मोजलं. पुरुषभर खाली गेलं होतं पाणी. आम्ही बरोबर होतो आणि तिघांपैकी कुणालाच आनंद झाला नाही. पोरं माझ्याकडे बघत होती. विहिरीवर धुणं धुणाऱ्या खतीजाचाची म्हणाल्या, "औंदा पानी लवकरच उतरलं, नाय का?" ही विहीर राखणारी बाई, तिला ते आधीच दिसत होतं, फक्त का उतरलं ते ठाऊक नव्हतं. आणि मला ठाऊक होतं.

माझं म्हणणं अजूनही तेच आहे, की दोन वर्षांचे आकडे म्हणजे पक्कं नव्हे. पण खाणीची कड फुटलेली, वाडी गिलाव्यासाठी पुन्हा कौल लावायच्या तयारीत, आणि मे महिन्यात दोन्हीकडे घागरी रिकाम्या राहणार. मी घरी आले, तुझ्याशी मनातल्या मनात एक तास भांडले आणि हरले. दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं, बोलवा सगळ्यांना.

भाताची मळणी होऊन मोकळ्या झालेल्या एका खळ्यावर सगळे जमले, वाडी एका अंगाला, मोहल्ला दुसऱ्या. बोलला प्रकाश. तोच, मार्क विचारणारा. इक्बालने खडूने जमिनीवर सडा काढला, खाण काढली, दोन विहिरी काढल्या. प्रकाश म्हणाला, "आम्हाला जेवढं दिसलं तेवढं सांगतो. शंभर टक्के माहीत नाही. आमचं चुकतही असेल." तो तुझ्यासारखाच हात मागे बांधून उभा होता.

त्याचं सांगून झालं. मग गावकर म्हणाले, "म्हंजे आमची तळी न्हाय." ते पोरांकडे वळले. "आनि आमच्या बायकांनी जनमभर दुपारचं हांडं घेऊन कुनाच्या दारात उभं ऱ्हायाचं, असंच ना?" त्यांचा आवाज चढला. मोहल्ल्यातले दोन पुरुष उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं, हेच मी विजूला सांगत होते.

तेवढ्यात वाडीतली भागी पुढे आली. तिला तू ओळखतेस, तुला नेहमी काकडी द्यायची ती. तिने खडूच्या रेघेवर बोट ठेवलं. "दादा, थांबा जरा. म्हंजे आमच्या सड्यावरचं पानी हिच्या बावीत जातंय?"

"बहुतेक," प्रकाश म्हणाला.

भागीने खतीजाचाचींकडे बघितलं. "इतकी वरसं मी तुज्याकडं पानी मागाया येतांव."

खतीजाचाची उठल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि त्या खडूच्या विहिरीकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगे, मग दुपारची कशाला येतेस? सकाळची ये, माझ्याबरोबर."

बस, एवढंच. उभे राहिलेले पुरुष खाली बसले. गावकर बराच वेळ तंबाखू मळत राहिले आणि मग त्यांनी विचारलं की फुटलेली कड नुसत्या चिऱ्यांनी बांधली, तळ तसाच ठेवला, तर चालेल का. प्रकाश म्हणाला, चालेल. मोहल्ल्यातून माणसं देऊ, असं त्यांचा म्होरक्या म्हणाला. इक्बाल तोवर उतार बघत होता आणि मला हळूच विचारत होता, की या विहिरीतून वर वाडीपर्यंत पाणी चढवायला किती ताकदीचा पंप लागेल. मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी झाडांची बाई. त्याने बोटं मोजायला सुरुवात केलीसुद्धा. हे परीक्षेत येणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

सगळे उठले. भागी माझ्याजवळ आली आणि इकडे तिकडे बघून म्हणाली, "त्या घाटावरच्या बाय न्हाय आल्या?"

पोरांनी मान खाली घातली. म्हणजे मला सांगावं लागलं. तिला कुणी कळवलंच नव्हतं, वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. भागी होती तिथेच खळ्यावर बसली. डोळे पुसले, मग परत त्या खडूच्या रेघांकडे बघितलं.

"मंग ह्यें त्यांना कोन सांगनार?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मी सांगते.

विजू, खाणीतलं पाणी मोहल्ल्याच्या विहिरीत जातं. बहुतेक.